नाल्यापलीकडची सावर

माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई मी शाळेत असल्यापासून म्हणत आली आहे. जेवताना मी मधेच उठून खिडकीशी जायचे, अभ्यासाला बसले की पाच मिनिटांत पाणी प्यायला उठायचे. वनरक्षकाची नोकरी लागली तेव्हा ती शेजारणीला म्हणाली, "बरा झाला, आता सरकारच हिका फिरवतला." त्यात चेष्टा होती आणि थोडी सुटका झाल्याचा आनंदही होता.

मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वसाहत आहे. बैठ्या खोल्यांच्या रांगा, त्यातल्या बऱ्याचशा आता वर एक मजला चढवलेल्या. जवळजवळ सगळी घरं मालवणकडची, एके काळी गिरणीत असलेली, नंतर ज्याला जे मिळालं ते काम धरलेली. माझे बाबा गिरणी सुटल्यावर नाहूरच्या एका कारखान्यात वॉचमन झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. आमच्या मागच्या रांगेला लागून वनखात्याची भिंत आहे आणि भिंतीपलीकडे लगेच जंगल सुरू होतं. माझी नेमणूक नेमकी त्याच जंगलात झाली तेव्हा वसाहतीत पेढे वाटले गेले. मला मात्र तो पेढा गोड लागला नाही, कारण ज्या लोकांना भिंतीच्या आत येण्यापासून अडवायचं त्या सगळ्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलेलं होतं.

बाहेरून बघणाऱ्याला जंगल एकच वाटतं. खात्याच्या नकाशावर ते तुकड्यांत वाटलेलं असतं, त्या तुकड्याला बीट म्हणतात, आणि एक बीट म्हणजे एका वनरक्षकाची जबाबदारी. रोज गस्त घालायची, मोबाइलवर त्याची नोंद करायची. आग लागली तर तुझी, कोणी भिंतीवरून डेब्रिज टाकलं तर तुझं, सशासाठी कोणी फासे लावले तर तुझे. आणि झाड तुटलं तर थूट तुझं. थूट म्हणजे तोडलेल्या झाडाचा जमिनीत उरलेला बुंधा. माणूस पळून जातो, लाकूड जळून जातं, पण थूट तिथेच राहतं आणि साहेब आले की तुझ्याकडे बघतं. आम्ही सगळे थुटाला जितके घाबरतो तितके बिबट्याला घाबरत नाही.

माझ्या बीटच्या एका बाजूला नाला आहे. उन्हाळ्याकडे तो कोरडा पडतो. नाल्याच्या पलीकडचं बीट माझ्या मैत्रिणीचं. ती वाशिमकडची, माझ्याहून लहान, नोकरीत माझ्यानंतर लागलेली, अजून कायम न झालेली. नाहूरला दोन नर्स मुलींबरोबर खोली घेऊन राहायची. दुपारचा डबा आम्ही नाल्यातल्या एका मोठ्या खडकावर बसून खायचो, ती तिच्या बाजूला आणि मी माझ्या. साहेबांनी विचारलं तर दोघी आपापल्या बीटमध्येच होतो असं सांगता यावं, हा तिचा विनोद. तिच्या ठेच्याने माझे कान गरम व्हायचे आणि माझ्या सुक्या बांगड्याच्या वासाने ती नाक धरायची. तिचं सगळं बोलणं एका गोष्टीपाशी येऊन थांबायचं. कायम झाली की ती आईला गावाहून घेऊन येणार होती. आई तिकडे दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जायची आणि हिला ते सहन होत नव्हतं.

त्या वर्षी फेब्रुवारीत आम्ही जाळरेषा घेत होतो. म्हणजे उन्हाळा लागायच्या आत वाळलेल्या गवताचे लांब पट्टे कापायचे आणि माणसं उभी करून, वारा बघून, आपणच ते जाळून टाकायचे. मग पुढे वणवा आला तरी त्या मोकळ्या पट्ट्याशी येऊन थांबतो. हे काम करताना मला बरं वाटतं कारण त्यात सतत धावावं लागतं. समोरच्या टॉवरमधले लोक मात्र दरवर्षी धुराचा व्हिडिओ काढतात आणि वनखातंच जंगल जाळतंय म्हणून टाकतात. एका बाईंनी मला फोन करून विचारलं होतं की राख त्यांच्या बाल्कनीत येणार नाही अशा वेळी जाळता येईल का. मी म्हटलं, बघते. त्यांना दुसरं काय सांगणार.

जाळरेषा संपत आल्या आणि साहेबांनी मीटिंग घेतली. साहेब म्हणजे आमचे रेंजचे अधिकारी, कमी बोलणारे, चहा स्वतः ओतून देणारे. ते म्हणाले, होळी जवळ आली, दरवर्षी होळीला पाच-दहा सावरी जातात, यंदा एकही जाऊ द्यायची नाही. "ज्याच्या बीटमध्ये ताजं थूट मिळेल आणि आरोपी मिळणार नाही, त्याचा रिपोर्ट मी सरळ वर पाठवणार. कायम असो की नसो." कायम असलेल्यांना निलंबन आणि नंतर चौकशी, एवढं ठरलेलं. कायम नसलेल्यांचं काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. माझ्या शेजारी बसलेली मैत्रीण टेबलाखाली माझा हात धरून बसली होती.

सावर म्हणजे काटेसावर. त्या दिवसांत तिला पान नसतं, सगळं झाड लाल फुलांनी भरलेलं असतं. खोड सरळ, लाकूड हलकं, चार माणसांनी सहज खांद्यावर घ्यावं असं. कोकणातल्या होळीला म्हणूनच सावर लागते. आणि त्याच फुलांवर भोरड्या, मैना, बुलबुल, माकडं, सगळ्यांचं त्या कोरड्या महिन्यात पोट भरतं. हे मला नोकरीत आल्यावर समजलं. त्याआधी मला सावर म्हणजे होळी एवढंच माहीत होतं.

होळीच्या आधीच्या आठवड्यात मी सकाळच्या गस्तीला गेले आणि माझ्या बीटमधल्या एका कोवळ्या सावरीच्या बुंध्याशी थांबले. बुंध्याशी नारळ ठेवलेला होता. विड्याच्या पानावर सुपारी, खोडाला हळदकुंकू. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, कोणीतरी भाबड्याने पूजा केली. मला ते वाचता येत होतं. आमच्यात होळीचं झाड मानकरी निवडतो. तो झाडापाशी नारळ ठेवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवाला मोठ्याने सांगतो की हे झाड तुझ्यासाठी घेतोय, कोणाचं वाईट होऊ देऊ नको. एकदा गाऱ्हाणं घातलं की झाड देवाचं झालं. आणि आमच्या वसाहतीचे मानकरी माझे बाबा आहेत.

मला राग आला. पण रागापेक्षा भीती जास्त होती, आणि भीती वाटली की मी आणखी भरभर चालते. नारळ पिशवीत घातला, हळदकुंकू पाल्याने पुसलं आणि दुपार व्हायच्या आत घरी येऊन नारळ बाबांच्या समोर ठेवला. ते पेपर वाचत होते. त्यांनी नारळाकडे पाहिलं, कानाशी धरून हलवला आणि आईला म्हणाले, "फोडून ठेव गो, कालवणाक होतलो."

"बाबा, त्या झाडाला हात लावायचा नाही," मी म्हटलं. "ते माझ्या बीटमध्ये आहे. थूट सापडलं तर माझी नोकरी जाईल."

"वसाहत बांधली तेवापासून होळी थयसूनच येता."

"तेव्हा भिंत नव्हती. आता तोडणाऱ्यावर केस होते, आणि तुमच्यावर ती मलाच करावी लागेल. करू?"

त्यांनी पेपर पुन्हा उघडला. आई आतून म्हणाली, सावरीऐवजी बाजारातून पोफळ आणा ना यंदा, भांडुपचे लोक आणतात. बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा आत गेली.

त्यानंतरचे दिवस मी नुसती फिरत होते. सकाळी सावर, दुपारी सावर, संध्याकाळी घरी जायच्या आधी पुन्हा सावर. भिंतीला जिथे जिथे भगदाड होतं तिथे काटेरी फांद्या टाकल्या. वसाहतीतला कोणी नाक्यावर कोणाशी हळू बोलताना दिसला की मला वाटायचं झाडाचंच चाललंय. घरी ताटावर बसले तरी कान मागच्या भिंतीकडे. मैत्रिणीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा हायेत म्हणून तू भेतेस. माझ्या बीटकडे कोणी येत नाही. इकडची वस्ती आमच्यासारखीच, आमच्यात नसते होळी." तिच्या बीटच्या पायथ्याशी बहुतेक बौद्ध घरं होती आणि त्या बाबतीत ती निर्धास्त होती.

मग एका संध्याकाळी एक नवल घडलं. बाबांनी मला माझ्या कामाबद्दल विचारलं. नोकरीला लागल्यापासून त्यांनी फक्त एकच प्रश्न विचारला होता, पगार वेळेवर होतो ना. त्या दिवशी मी बूट काढत होते आणि ते जवळ येऊन बसले. म्हणाले, "तुझी हद्द खयपर्यंत गो?"

मला इतकं बरं वाटलं की मी बूट अर्धवट ठेवून त्यांना समजावत बसले. तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून लादीवर नकाशाच काढला. ही आपली भिंत, हा चढ, हा वरचा पाणवठा, इथे आम्ही जाळरेषा घेतली. हा नाला, इथपर्यंत माझं. नाल्यापलीकडे दुसऱ्या बीटचं. ते मान खाली घालून नीट बघत होते. पाणी सुकायला लागलं की मी पुन्हा रेघ ओढायचे.

"त्या बाजूक कोण? ती वाशिमची चेडू?"

"हो. जिचा ठेचा मी कधी कधी घरी आणते ना, तीच."

"बरी आसा," ते म्हणाले. "म्हणजे नाल्याच्या ह्या बाजूक काय झाला तर तुझ्यार, त्या बाजूक काय झाला तर तुझ्यार नाय."

"माझ्यावर नाही."

"आता समाजला," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उठले. त्या रात्री मला पहिल्यांदाच शांत झोप लागली. माझ्या बापाला माझी नोकरी कळली असं मला वाटत होतं.

होळीच्या आदल्या दिवशी नाल्यातल्या खडकावर मैत्रिणीने विषय काढला. म्हणाली, उद्या तू सुट्टी टाक, घरी राहा. तुझं लक्ष बाबांवर असू दे, मी तुझ्या सावरीपाशी बसते. "तुझे लोक आलेच तर मी असलेली बरी. तुले बापाले धरावं लागलं तर काय करशील तू?" मी म्हटलं, आणि तुझं बीट? ती हसली. "माझ्या बीटमध्ये कोण येतं? अन् मले काय घरी पुरण शिजवायचंय का? एक दिवसाचा तर प्रश्न हाय." मी तिला मिठीच मारली. खरं सांगायचं तर मला तेव्हा फक्त सुटल्यासारखं वाटलं.

होळीचा दिवस मी बाबांकडे बघत काढला. ते सकाळी उशिरा उठले, दाढी केली, देवाची पूजा केली, पेपर वाचला, पुन्हा तोच पेपर वाचला. मी मागच्या भिंतीपर्यंत जायचे, कान द्यायचे, परत यायचे. आई पुरण वाटत होती. ती म्हणाली, "खाली बस गो जरा, माझ्या डोळ्यांसमोर घिरट्या घालतंस ती." मी बसले आणि परत उठले. वसाहतीतले तरणे पुरुष कुठे दिसत नव्हते. मी विचारलं तर बाबा म्हणाले, ढोल भाड्याने आणायला गेलेत. दुपारी ते जेवून आडवे झाले आणि खरोखर घोरायला लागले. ते घोरणं ऐकून मला वाटलं, म्हणजे काही नाही. उगाच आपण जीव काढतोय.

उन्हं कलली तेव्हा ढोल ऐकू आला. तो भिंतीकडून येत नव्हता. तो खालच्या रस्त्याने, नाल्याच्या पलीकडून येत होता. मी चप्पल न घालता बाहेर पळाले. माणसं नाचत येत होती, अंगभर गुलाल, आणि त्यांच्या खांद्यावर सावर होती. शेंड्याला फुलं तशीच राहिलेली, खोडावरचे काटे कोयत्याने तासलेले, कापलेल्या तोंडाला ओल होती. बाया दारातून ओवाळायला पुढे झाल्या. बाबा धुतलेलं धोतर नेसून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते.

"ही कुठली?" मी विचारलं.

"तुझ्या हद्दीतली नाय," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की क्षणभर मला कळलंच नाही ते काय सांगतायत. "नाल्याच्या त्या बाजूची. देवाक विचारून बदलून घेतलंय. काल सांजेक दुसरा गाऱ्हाणा घातलंय, दुसरो नारळ ठेवलंय. तुझ्यार काय येवचा नाय."

"बाबा, ते तिचं बीट आहे. तिची नोकरी जाईल."

"कित्याक जातली? गावाक होळयेचा झाड ज्याच्या आवारातला घेतत तो काय कोर्टात जाता? मान समजता. तिका पण मान मिळालो."

गावी हे खरंच आहे. माझ्या काकांच्या परड्यातला आंबा एकदा होळीला गेला होता तर काकांनी वर्षभर लोकांना सांगितलं. बाबांच्या मनात खोट नव्हती. त्यांनी माझी अडचण ऐकली होती, समजून घेतली होती आणि त्यांच्या रीतीने ती सोडवली होती. मला त्यांच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येत नव्हतं.

मी बाजूला जाऊन मैत्रिणीला फोन लावला. तिने पहिल्याच रिंगला उचलला. "ताई, तुझी सावर जाग्यावर हाय," ती म्हणाली. "दिवसभर एक माणूस फिरकला नाही. माकडांनी फुलं पाडून माझ्या डोक्यावर टाकली तेवढीच. आता जाऊ का मी खोलीवर? पाय दुखून राह्यले."

मी म्हटलं, जा.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की काय, हे मला आजही ठरवता येत नाही. समोर सगळी वसाहत जमलेली, सावर खड्ड्यात उभी करून बाबा गाऱ्हाणं घालत होते आणि प्रत्येक वाक्याला लोक एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मी आत जाऊन आईला सांगितलं. ती कढईतलं तळण काढत होती. तिने गॅस बंद केला आणि म्हणाली, "आज गप रव. सणाच्या दिवशी बापाक धरून देतलंस?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "आणि त्या चेडवाचा काय होतला?"  बाहेर होळी पेटली. मी आतल्या खोलीत येरझाऱ्या घालत राहिले आणि आई मला एकदाही बस म्हणाली नाही.

सकाळी तिचाच फोन आला. ती तिच्या बीटमध्ये होती, थुटापाशी.  म्हणाली, "ताई, माझ्याकडे तुटली गं. नारळ पण ठेवलाय. साहेब विचारतीन काल कुठं होतीस, तर काय सांगू? माझं बीट सोडून बसले होते, हे सांगता येते का?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "तू घाबरू नको. मी तुझं नाव नाही घेणार." साहेबांनी तिला ऑफिसात बोलावलं होतं. तिने आईला अजून काही सांगितलं नव्हतं.

रात्रभर होळीपाशी जागून वसाहतीतले बरेचसे अजून झोपलेले होते. मी युनिफॉर्म चढवला आणि बाबांना उठवलं. म्हटलं, तोंड धुवा, आपल्याला ऑफिसात जायचंय, झाड तुम्ही तोडून आणलंत हे साहेबांना सांगायचंय. केस होईल, दंड होईल, कदाचित कोर्टातही जावं लागेल. मला वाटलं होतं ते चिडतील, नाही म्हणतील. ते उठून बसले, जरा विचार केला आणि म्हणाले, "तुझ्यार तर काय इला नाय?"

"माझ्यावर नाही. तिच्यावर आलंय. आरोपी मिळाला नाही तर ती जाईल."

"मगे सांगूकच व्हया," ते म्हणाले. "मी म्हातारो आसय, माका काय फाशी देतले? होळयेसाठी केस झाली तर त्यात कमीपणा नाय." त्यांनी इस्त्रीचा शर्ट काढला, केसांना पाणी लावलं. आई दारात उभी होती. तिने त्यांच्या खिशात रुमाल ठेवला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रस्त्यावर पोरं पिचकाऱ्या घेऊन होती, पण माझा युनिफॉर्म बघून कोणी रंग टाकला नाही. रिक्षा मिळेना म्हणून आम्ही चालत निघालो. मी पुढे जायचे, वळून बघायचे, परत मागे यायचे. ते त्यांच्या चालीने येत होते. वाटेत एकदा म्हणाले, साहेब कोणत्या गावचे? मी म्हटलं, साताऱ्याकडचे. तर म्हणाले, मग ते समजतील. मला त्यांचा हात धरावासा वाटत होता आणि त्यांना तिथेच सोडून पळून जावंसंही वाटत होतं.

ऑफिसात मैत्रीण साहेबांच्या टेबलासमोर उभी होती. बुटांना नाल्यातली माती, डोळे सुजलेले. साहेब तिला विचारत होते की काल दुपारी ती कुठे होती, आणि ती जमिनीकडे बघत होती. मी बाबांना पुढे केलं. म्हटलं, "सर, हे माझे वडील. ते झाड आमच्या वसाहतीच्या होळीला आलं. ह्यांच्या सांगण्यावरून."

साहेबांनी बाबांना खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत, हात जोडून उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. कोणी तोडलं, कसं आणलं, नारळ आधी कुठे ठेवला आणि मग कुठे. कोणाला वाचवायचा प्रयत्न केला नाही, फक्त पोरांची नावं घेताना सांगितलं की मी सांगितलं म्हणून ती गेली, दोष माझा. मग मैत्रिणीकडे हात करून म्हणाले, "हिचो काय एक दोष नाय, साहेबानू. ही काल थय नव्हतीच. आमच्या पोरांनी बघलली, ही दिसभर नाल्याच्या ह्या बाजूक आमच्या चेडवाचा झाड राखत बसलली. म्हणान तर आमका काय तरास झालो नाय."

मैत्रिणीने डोळे मिटले. साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.  

"काका," साहेब हळू आवाजात म्हणाले, "आधी ठरवलेलं झाड सोडून तुम्ही नाल्यापलीकडे का गेलात?"

"आमच्या चेडवाच्या हद्दीत एक पान पण तोडूक नाय, साहेबानू. तुम्ही जावन बघा. तिची नोकरी आसा."

"पण हद्द नाल्याशी संपते, हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. गेली कित्येक वर्षं मी त्यांना असं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं.

"हिनाच," ते म्हणाले. "लादीर नकाशो काढून सांगल्यान. खूप हुशार आसा, साहेबानू, सगळा जंगल हिच्या बोटार आसा." आणि माझ्याकडे बघून हसले.